निरोपातून घडणारी मज्जासंस्था

व्यापारी घराण्यात वाढलेल्या वाचकाला निरोपाचे मोल वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भाव चढल्याचा निरोप वेळेवर आला तर माल राखून ठेवता येतो; तोच निरोप दोन दिवसांनी आला तर त्याचा काही उपयोग नसतो. हुंडीच्या काळात तर कागदावरील चार ओळींच्या आधारे शेकडो मैल दूरच्या पेढीतून रक्कम मोजून दिली जात असे. निरोप कोणाकडून आला, कोणापर्यंत पोहोचला आणि केव्हा पोहोचला, या तीन गोष्टींवर सारा व्यवहार अवलंबून असे. आपल्या शरीरातील सर्वांत गुंतागुंतीची रचना, म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि मज्जातंतू यांची मिळून झालेली मज्जासंस्था, मातेच्या उदरात आकार घेते तीही याच तीन गोष्टींच्या आधाराने.

प्रथम आकडे पाहू. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाची ती सवयच आहे. प्रौढ मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात. त्यांतील एकेक पेशी इतर शेकडो, कधी हजारो पेशींशी जोडलेली असते. याउलट, प्रथिने कशी बनवावीत हे सांगणारी माणसाची जनुके आहेत अवघी वीस हजारांच्या आसपास. म्हणजे कोणती पेशी कोठे बसावी आणि कोणाशी जोडली जावी, याची खातेनिहाय नोंद जनुकांच्या वहीत असणे शक्यच नाही. तेवढी पाने त्या वहीला नाहीत. शिवाय शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीपाशी या वहीची तीच प्रत असते. कातडीच्या पेशीजवळ जी वही, तीच मेंदूच्या पेशीजवळही. मग एकीने कातडी व्हावे आणि दुसरीने मेंदू, हे ठरवितो कोण?

उत्तर असे की, ते शेजारी ठरवितात. प्रत्येक पेशी आपल्या आसपासच्या पेशींना प्रथिनांच्या रूपाने निरोप पाठवीत असते. निरोप स्वीकारण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर खास प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. विशिष्ट निरोप विशिष्ट ग्राहीलाच लागू पडतो, कुलपाला किल्ली लागावी तसा. किल्ली फिरली की आतील यंत्रणा हलते आणि वहीतील कोणते पान उघडायचे व कोणते मिटलेले ठेवायचे, हे ठरते. वही सर्वांची एकच. परंतु उघडलेली पाने निरनिराळी. पेशींमधील फरक येतो तो येथून.

त्वचा की मेंदू?

हे प्रथम लक्षात आले ते जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे. तेथील विद्यापीठात हान्स श्पेमान हे प्राध्यापक आणि हिल्डे मांगोल्ड या त्यांच्या विद्यार्थिनी न्यूट नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या भ्रूणांवर काम करीत होते. भ्रूण म्हणजे त्या अवस्थेत मोहरीएवढा पेशींचा गोळा. या गोळ्यावर एके ठिकाणी फट पडते आणि बाहेरील पेशी तेथून आत सरकू लागतात. मांगोल्ड यांनी त्या फटीच्या वरच्या कडेचा सूक्ष्म तुकडा कापून घेतला आणि दुसऱ्या जातीच्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसविला. एक जात फिकट रंगाची व दुसरी गडद, त्यामुळे कोणती पेशी कोणाची हे नंतरही ओळखता येणार होते.

परिणाम अद्भुत होता. यजमान भ्रूणाच्या पोटाशी दुसरा भ्रूण तयार झाला, त्याच्या स्वतःच्या मज्जारज्जूसकट. रंग तपासता असे आढळले की, या दुसऱ्या मज्जारज्जूतील बहुतेक पेशी बसविलेल्या तुकड्याच्या नव्हत्या, यजमानाच्याच होत्या. ज्या पेशी एरवी पोटाची कातडी झाल्या असत्या त्या नव्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मज्जापेशी झाल्या. हा शोधनिबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वयंपाकघरात उडालेल्या भडक्यात भाजून हिल्डे मांगोल्ड यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा पंचवीस होते. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

त्या तुकड्यातून नेमका कोणता निरोप जात होता, याचा उलगडा होण्यास पुढे सुमारे सत्तर वर्षे लागली. सर्वांची अपेक्षा अशी की, ‘मज्जापेशी हो’ असा आदेश देणारा एखादा पदार्थ सापडेल. सापडले ते वेगळेच. कोवळ्या भ्रूणाच्या बाह्य थरात बीएमपी नावाचे एक प्रथिन सर्वत्र फिरत असते. हाडांच्या संशोधनात प्रथम आढळल्याने त्याला अस्थिवाचक नाव मिळाले, परंतु येथे ते सांगते, ‘कातडी हो.’ १९९०च्या दशकात बेडकांच्या भ्रूणांवरील संशोधनातून नॉगिन, कॉर्डिन अशी प्रथिने सापडली. श्पेमान यांच्या तुकड्यातून हीच प्रथिने बाहेर पडतात आणि बीएमपीला वाटेतच धरून ठेवतात. कातडी होण्याचा निरोप पोहोचतच नाही. आणि तो न पोहोचलेल्या पेशी मज्जापेशी होतात.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही ‘स्टॉप पेमेंट’ची सूचना होय. धनादेश निघालेला आहे, तो वटणारही आहे. परंतु वेळेत सूचना आली म्हणून थांबला. आपल्या मेंदूचा पहिला पाया अशा थांबविलेल्या निरोपावर रचला जातो. यातून एक गोष्ट मनावर ठसते: गर्भाच्या घडणीत निरोप मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच कधीकधी तो न मिळणेही महत्त्वाचे असते, आणि दोन्हींसाठी वेळ ठरलेली असते.

एकच निरोप, अनेक अर्थ

मनुष्याच्या गर्भात गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात पाठीच्या बाजूला मज्जापेशींचा सपाट पट्टा तयार होतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि मध्यभागी एकमेकींना येऊन मिळतात. करंजीच्या कडा उचलून एकमेकींना चिकटवाव्यात तसे हे दृश्य असते. या क्रियेतून जी नळी तयार होते तिला मज्जानलिका म्हणतात. तिच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो व उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. ही नळी गर्भधारणेपासून सुमारे २८व्या दिवसापर्यंत मिटलेली असते. हा आकडा वाचकांनी स्मरणात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

नळी मिटली तरी तिच्यातील सर्व पेशी एकसारख्या राहून चालत नाही. पोटाकडील बाजूला स्नायूंना हलविणाऱ्या पेशी हव्यात, पाठीकडील बाजूला स्पर्श व वेदना यांची वार्ता घेणाऱ्या. येथे निसर्गाने जी युक्ती योजली आहे ती हिशेबी माणसाला विशेष भावेल. नळीच्या तळाकडून ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचे प्रथिन पसरते. नाव विचित्र आहे खरे. फळमाशीतील एका जनुकाला अळीच्या काटेरी रूपावरून ‘हेजहॉग’ असे नाव मिळाले होते. प्रगत प्राण्यांत त्याचे भाऊबंद सापडले तेव्हा त्यांतील एकाला संशोधकांनी व्हिडिओ गेममधील पात्राचे नाव दिले. हे प्रथिन तळापाशी दाट असते आणि वर जावे तसे विरळ होत जाते. ज्या पेशीला ते भरपूर मिळते ती एक प्रकारची होते, मध्यम मिळते ती दुसऱ्या प्रकारची, थोडके मिळते ती तिसऱ्या. वरच्या बाजूने बीएमपीसारखी प्रथिने उलट दिशेने झिरपत येतात. या दोहोंच्या प्रमाणावरून प्रत्येक पेशीला आपण नळीत कोठे आहोत हे कळते आणि त्यानुसार ती आपले काम स्वीकारते. निरोप एकच, पण रकमेप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो.

हा निरोप अडला तर काय होते, याचा धडा अमेरिकेतील आयडाहो राज्यातील मेंढपाळांना फार पूर्वीच मिळाला होता. १९५०च्या दशकात तेथील काही कळपांत कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे जन्मास येऊ लागली. मेंदूचे दोन अर्ध भागही त्यांच्यात नीट विलग झालेले नसत. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे शोध घेतला, तेव्हा मेंढ्या चरत असलेली एक रानटी वनस्पती त्याला कारणीभूत असल्याचे आढळले. गाभण मेंढीने ती वनस्पती साधारणतः चौदाव्या दिवशी खाल्ली तर असे कोकरू जन्मे. त्या दिवशी मेंढ्यांना तेथे चरू दिले नाही तर कोकरे धडधाकट निघत. त्या वनस्पतीतील विषाला सायक्लोपामिन असे नाव देण्यात आले. ते सॉनिक हेजहॉगच्या निरोपाची वाट रोखते, हे १९९८ साली सिद्ध झाले. पुढे ज्ञानाची ही धारा दुसरीकडे वळली. काही कर्करोगांत हाच निरोप नको तेव्हा चालू राहतो. तो रोखणारे व्हिस्मोडेगिब हे औषध त्वचेच्या एका कर्करोगासाठी २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले.

वाट दाखविणारे आणि तारणारे निरोप

पेशीचा प्रकार ठरल्यानंतर तिने जोडणी करावयाची असते. प्रत्येक मज्जापेशीतून एक लांब तंतू निघतो आणि आपल्या नेमून दिलेल्या ठिकाणाकडे वाढत जातो. त्याचे टोक हाताच्या पंजासारखे चाचपडत पुढे सरकते. त्याला वाट दाखवितात तीही प्रथिनेच. काही ओढून घेतात, काही दूर लोटतात. १९९४ साली कोंबडीच्या भ्रूणांतून वेगळ्या केलेल्या अशा एका प्रथिनाला संशोधकांनी ‘नेट्रिन’ असे नाव दिले. ते घेतले आहे संस्कृतातील ‘नेतृ’ या शब्दावरून, म्हणजे मार्ग दाखविणारा, नेणारा. आपला ‘नेता’ हा शब्द त्याच मुळाचा. मज्जारज्जूतील काही तंतूंना मध्यरेषा ओलांडून पलीकडे जावयाचे असते. नेट्रिन त्यांना मध्यरेषेपर्यंत आणते. रेषा ओलांडताच दुसरे एक प्रथिन त्यांना पुन्हा मागे फिरू देत नाही. मेंदूचा डावा भाग शरीराचा उजवा भाग चालवितो, त्यामागे तंतूंचे असे रेषा ओलांडणेच असते.

तंतू ठिकाणावर पोहोचले तरी परीक्षा संपत नाही. मज्जासंस्थेच्या अनेक भागांत गरजेपेक्षा कितीतरी अधिक पेशी निर्माण होतात, आणि काही ठिकाणी त्यांतील निम्म्याच्या आसपास नष्ट होतात. टिकतात त्या, ज्यांना गंतव्य स्थानाकडून ‘तू हवी आहेस’ असा निरोप मिळतो. हा निरोप शोधणाऱ्या रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांचे चरित्र प्रत्येक घरातील मुलींना सांगावे असे आहे. १९०९ साली इटलीतील तुरीन येथे ज्यू कुटुंबात त्या जन्मल्या व वैद्यकीय पदवीधर झाल्या. १९३८च्या वंशद्वेषी कायद्यांनी त्यांना विद्यापीठाचे दार बंद झाले. त्यांनी घरातील निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. महायुद्ध चालू असताना, बॉम्बवर्षावामुळे शहर सोडून खेड्यात राहावे लागले तेव्हाही, कोंबडीची अंडी मिळवून त्यांनी भ्रूणातील मज्जापेशींचा अभ्यास सोडला नाही. युद्धानंतर १९४७ साली त्या अमेरिकेतील सेंट लुईस येथे गेल्या आणि पुढे तेथेच स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांनी मज्जातंतूंची वाढ घडविणारे प्रथिन शोधून काढले. दोघांना १९८६ साली नोबेल पुरस्कार मिळाला. २०१२ साली वयाच्या १०३व्या वर्षी त्या निवर्तल्या.

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला हे प्राण्यांवरील प्रयोग वाचताना बोचणी लागते, हे मी जाणतो. म्हणून एवढे सांगणे योग्य होईल की, या ज्ञानातूनच आता दुसरी वाट निघाली आहे. माणसाच्या त्वचेच्या पेशींना मूळपेशींचे रूप देण्याची रीत जपानमधील शिन्या यामानाका यांच्या गटाने २००७ साली दाखविली. अशा पेशींना बशीत वाढवून, बीएमपीसारखे निरोप रोखून, त्यांच्यापासून मज्जापेशी घडविता येतात. श्पेमान आणि मांगोल्ड यांनी जे पाहिले तेच आता काचेच्या भांड्यात, कोणताही प्राणी न वापरता, घडू शकते. व्हिएन्नातील शास्त्रज्ञांनी २०१३ साली या मार्गाने गर्भावस्थेतील मेंदूची वाटाण्याएवढी प्रतिकृती वाढविल्याचे जाहीर केले.

त्या व्यापाऱ्याचा प्रश्न

वाणिज्य शाखेच्या माणसाने हा विषय कशासाठी हाती घेतला, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका शाखेत मी असताना भुसार मालाच्या एका तरुण व्यापाऱ्याला बोलावून घेतले होते. दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून त्याने मोठी रक्कम उचलली होती आणि साठा मात्र तेवढा दिसत नव्हता. मी खुलासा विचारला. उत्तरादाखल त्याने रुग्णालयाची जाड फाइल माझ्या टेबलावर ठेवली. त्याची पहिली मुलगी पाठीवर उघडा मज्जारज्जू घेऊन जन्मली होती. या दोषाला ‘स्पायना बिफिडा’ म्हणतात. मज्जानलिकेची खालची कड मिटायची राहिली की तो उद्भवतो. वरची कड मिटायची राहिली तर मेंदूच घडत नाही आणि असे बालक जगत नाही.

कर्जाचे काय करायचे ते नियमांत बसवून झाले. परंतु त्याने विचारलेला प्रश्न माझ्याजवळ राहिला. तो म्हणाला, “साहेब, आम्ही एकही तपासणी चुकवली नाही. तिसऱ्या महिन्यापासून गोळ्या चालू होत्या. मग हे बिघडले तरी कधी?” घरची वडील मंडळी म्हणत होती की, ग्रहणाच्या दिवशी सुनेने भाजी चिरली होती. ती मुलगी नवऱ्याच्या मागे उभी होती आणि मान वर करीत नव्हती.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर वर येऊन गेले आहे. २८व्या दिवसाच्या आत. मासिक पाळी चुकली हे ध्यानात येते तेव्हा गर्भधारणेला साधारणतः दोन आठवडे झालेले असतात. ‘अजून थोडी वाट पाहू’ म्हणत आणखी दोन आठवडे गेले की, नळी मिटण्याचे काम संपलेले असते. नीट झालेले असो वा नसो. डॉक्टरांची पहिली भेट, पहिली सोनोग्राफी, पहिली गोळी, सारे त्यानंतर. त्या कुटुंबाने काळजी घेण्यात काही कसूर केली नव्हती. केवळ त्यांना तारीख ठाऊक नव्हती. ग्रहणाचा तर येथे काही संबंधच नाही.

वेळेआधी करावयाची तरतूद

नळी मिटण्याच्या दिवसांत पेशी अत्यंत वेगाने दुणावत असतात. प्रत्येक वेळी जनुकांच्या वहीची नवी प्रत काढावी लागते, आणि त्या नकलेसाठी फोलेट हे जीवनसत्त्व लागते. निरोप बरोबर आला तरी तो अमलात आणण्यास पेशीपाशी माल हवा. १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सात देशांतील ३३ केंद्रांत झालेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आधीच्या बाळात हा दोष आढळलेल्या स्त्रियांनी पुढील गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तेव्हा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पुढील वर्षी हंगेरीतील चाचणीने पहिलटकरणींच्या बाबतीतही फॉलिक ॲसिडयुक्त गोळ्यांचा असाच लाभ दाखविला. अमेरिकेने १९९८पासून धान्याच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की, मूल व्हावे असा विचार सुरू होताच स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे आणि गर्भधारणेनंतर बारा आठवडे ते चालू ठेवावे. आधीच्या बाळात दोष असेल तर मात्रा अधिक लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. ही गोळी अत्यंत स्वस्त आहे. तिने सारेच दोष टळतात असे नाही, परंतु बरेचसे टळतात.

आहारात फोलेट हरभरा, मूग, मसूर, तूर, शेंगदाणे आणि पालेभाज्यांतून मिळते. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्या वर्ज्य असतात. तेव्हा डाळी व कडधान्ये यांकडे विशेष लक्ष द्यावे. तथापि या काळासाठी लागणारी खात्रीची मात्रा केवळ जेवणातून साधेलच असे नाही, म्हणून गोळी टाळू नये.

शाकाहारी कुटुंबांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जीवनसत्त्व ब-१२. फोलेटला पेशीत काम करण्यासाठी ब-१२ची जोड लागते, आणि ते वनस्पतिजन्य अन्नात नैसर्गिकरीत्या मिळत नाही. आपल्याकडे त्याचा आधार दूध, दही व ताक यांचाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. मातेच्या रक्तातील ब-१२ची कमतरता आणि मज्जानलिकेचे दोष यांचा संबंध अन्य देशांतील अभ्यासांतही दिसला आहे. शिवाय ब-१२ कमी असताना केवळ फॉलिक ॲसिड घेत राहिले तर रक्तक्षयाची खूण झाकली जाते आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालू राहू शकते. म्हणून एका साध्या रक्त तपासणीने ब-१२ पाहून घ्यावे आणि कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावे. आपला आहार बदलण्याची येथे आवश्यकता नाही. गोळी वा इंजेक्शन पुरेसे असते.

तिसरी तरतूद मिठाची. गर्भाच्या मेंदूला थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाचा निरोपही लागतो. पेशींनी आपापल्या जागी सरकण्यास आणि तंतूंवर आवरण चढण्यास तो आवश्यक असतो. सुरुवातीच्या सुमारे तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. सारा पुरवठा आईकडून होतो, आणि तो तयार करण्यास आईला आयोडीन हवे. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ पुरवून गलगंडाचे प्रमाण घटते हे दाखवून दिले, आणि देशातील आयोडीनयुक्त मिठाच्या कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. आज काही घरांत रोजच्या स्वयंपाकात केवळ सैंधव वापरण्याची प्रथा पडली आहे. सैंधवात आयोडीनची पुरेशी मात्रा असेलच असे धरून चालू नये. गर्भवती स्त्रीच्या घरी आयोडीनयुक्त मीठच असावे आणि थायरॉइडची तपासणी लवकर व्हावी.

चौथी गोष्ट औषधांची. फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट या औषधाने मज्जानलिकेच्या दोषाचा धोका वाढतो, हे निश्चित झालेले आहे. ज्या मुलीला असे औषध चालू असेल, तिने ते मनाने मुळीच बंद करू नये, कारण झटके येणेही तितकेच घातक. परंतु मूल होऊ देण्याच्या विचारापूर्वीच डॉक्टरांना भेटून पर्याय विचारावा. विवाह जुळविताना आजार लपविण्याची जी रीत आहे, तिची किंमत अशा ठिकाणी पुढच्या पिढीला द्यावी लागते.

यातील एकही गोष्ट खर्चिक नाही. अडचण आहे ती वेळेची आणि संकोचाची. नव्या सुनेला ‘गोळी घेतेस का’ हे विचारायचे कोणी? माझ्या मते हे काम घरातील सासूबाई किंवा मोठ्या जाऊबाई सहज करू शकतील, आणि मुलीच्या माहेरी तिची आई. लग्न ठरल्यावर आपण कपडे, दागिने, कार्यालय, आचारी यांची लांबलचक यादी करतो. त्या यादीत दोन ओळी वाढवाव्यात: मुलीची ब-१२, हिमोग्लोबिन व थायरॉइड यांची तपासणी; आणि फॉलिक ॲसिड कधी सुरू करायचे याचा डॉक्टरांचा सल्ला. दुसऱ्या अपत्याचा विचार करणाऱ्या दांपत्यांनाही हेच लागू आहे. आणि एखाद्या घरी असे बालक जन्मास आलेच, तर त्याच्या आईला ग्रहणाचे वा भाजी चिरल्याचे बोल न लावता, पुढच्या वेळेची तरतूद काय करायची हे डॉक्टरांना विचारावे.